एसिल्फीसाहेबांचा शंभर टक्के प्रोसेसर

केप कोस्ट शहराच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाल्यापासून क्वामिना एसिल्फी यांना हुकूम सोडायला घरात दोघंच उरली होती: बायको अजोआ आणि जुना कॉम्प्युटर. अजोआ ऐकत नसे, त्यामुळे सगळा भार कॉम्प्युटरवर पडला.

तशात क्वामिनांच्या सासूबाई गेल्या. तिथल्या रिवाजाप्रमाणे दफनाला महिनाभर अवकाश होता. त्या दिवशी वाटायची आठवणींची पुस्तिका आपण घरीच करू, असं क्वामिनांनी घरच्यांच्या बैठकीत जाहीर करून टाकलं. छापखानेवाले लुटतात, म्हणाले. पण कॉम्प्युटर जुना, मधूनमधून रेंगाळे.  

अजोआचा धाकटा भाऊ एबो ताकोराडीहून आला होता. त्याचं नि क्वामिनांचं लग्नापासून जमलं नव्हतं. पडद्याकडे एक नजर टाकून तो म्हणाला, "दाजी, तुमच्या मशीनला संरक्षणच नाही."

"माझा अँटीव्हायरस आहे की."

"तो असून नसल्यासारखाच."

बहिणीसमोर दाजींना नाही म्हणता येईना. एबोनं आपला अँटीव्हायरस, पहिला महिना फुकट असलेला, त्यात घातला आणि निघून गेला. तेव्हापासून प्रोसेसरवरच्या भाराचा आकडा शंभर टक्क्यांना जो चिकटला तो खाली येईना. अक्षर दाबावं, पाणी पिऊन यावं, तेव्हा ते पडद्यावर उमटे. पंखा तर मक्याच्या गिरणीसारखा घोंघावू लागला. क्वामिनांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून दाढीच्या ब्रशनं धूळ झाडली. तासभर पंखा जरा मवाळला, की पुन्हा तेच. मग त्यांनी वेग वाढवणारा एक प्रोग्रॅम घातला, कचरा काढणारा दुसरा घातला. मशीन आणखी बसलं.

कोणता प्रोग्रॅम किती राबतोय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरच्या यादीत सगळ्यात वर एबोचा अँटीव्हायरस दिसे, त्याखाली त्यांचा स्वतःचा. क्वामिनांनी ते अजोआला कौतुकानं दाखवलं. एवढे राबतायत म्हणजे व्हायरस केवढा भयंकर असेल, असा त्यांचा हिशेब.

"राबू देत," अजोआ म्हणाली, "पण माझ्या आईचा फोटो उघडायला सकाळची दुपार का होते?"

उत्तराची वाट न बघता तिनं फोटो पेन ड्राइव्हवर घेतले आणि कोटोकुराबा बाजारातल्या छापखान्यात नेऊन दिले.

पुस्तिका देखणी निघाली. एबोची श्रद्धांजली दोन पानं, शिवाय पदवीच्या झग्यातला फोटो. जावयाचं पान मात्र नव्हतंच. ते पहिल्या ओळीवर अडकून घरीच राहिलं होतं. दुखवट्याचं काळं-तांबडं वस्त्र खांद्यावर घेऊन मांडवात बसलेल्या क्वामिनांना जो तो विचारी, तुमचं कुठं दिसत नाही? "तांत्रिक अडचण," ते सांगत. शेजारून एबो हळूच पुस्ती जोडी, "मी संरक्षणाचं म्हटलंच होतं."

दफनानंतर दोन दिवसांनी एबोच्या अँटीव्हायरसचा फुकटचा महिना सरला आणि तो पैसे मागू लागला. मेहुण्याच्या कुत्र्याला मी हाड घालणार नाही, असं पुटपुटत क्वामिनांनी नकार दिला. त्यासरशी तो बंद पडला. पंखा शांत झाला. अक्षर बोटासरशी उमटलं.

क्वामिनांनी टास्क मॅनेजरची यादी पुन्हा उघडली. व्हायरसबियरस काही नव्हताच. ते दोघे अँटीव्हायरस दिवसभर एकमेकांचेच खिसे तपासत बसले होते. वेग वाढवायला नि कचरा काढायला क्वामिनांनीच घातलेल्या दोन प्रोग्रॅमांनीही त्या गोंधळात हात धुऊन घेतले होते, हेही त्यांच्या ध्यानात आलं. पण ते दोन त्यांनी गुपचूप काढले आणि फोन एबोला लावला. दोष तुझाच होता, हे त्याला खणखणीत सुनावलं.

"म्हणजे माझ्या अँटीव्हायरसनं सगळी घाण साफ केली आणि मगच तो थांबला," एबो म्हणाला. "आभार मानायचे राहिले बाजूला, दाजी, वर मलाच बोलताय?"

क्वामिनांनी फोन आपटला.

अजोआनं आंबवलेल्या मक्याची केंकी आणि तळलेली मासळी समोर ठेवली. आता मशीन धावतंय, तर आईवरचं पान लिहून टाका, उरलेल्या पुस्तिकांना चिकटवीन, असं तिनं सुचवलं. ते ऐटीत बसले. कॉम्प्युटर कुठंच अडेना. अडले ते क्वामिना. अंधार पडेपर्यंत झाल्या चार ओळी.

अजोआनं त्या उभ्यानंच वाचल्या.

"ह्यातल्या दोन तर तुम्ही तिला नळ जोडून दिलात त्याच्याच आहेत," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.