हिलोची नोकरी

नाइनोआ लास वेगासहून हवाई बेटावरच्या हिलोला, आपल्या गावी, आला तो मुलाखतीसाठी. गावातल्या इस्पितळाला डायलिसिसची यंत्रं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ हवा होता, आणि वाळवंटातल्या त्या शहरात तो इतकी वर्षं तेच काम करत होता. बेट सोडताना ‘दोन वर्षांत परत येतो’ म्हणाला होता. त्यानंतर बाप गेला, दोन मुलं झाली, पण परत येणं काही जमलं नव्हतं.

विमानतळावर धाकटा भाऊ इकाइका ट्रक घेऊन आला. मागे बर्फात ठेवलेला ताजा आही मासा, पायात चपला, चेहऱ्यावर कसली घाई नाही. त्याला मिठी मारतानाच नाइनोआच्या मनात आलं, याला काय कमी आहे? बापाचं घर, आईच्या हातचं जेवण, अंगणात नीरफणस. रात्री सगळे जेवायला बसले. इकाइकाच्या मुली आजीशी घडाघडा हवाइयन बोलत होत्या. नाइनोआच्या पोरांना फक्त ‘अलोहा’ म्हणता यायचं, तेही पर्यटकांसारखं.

दुसऱ्या दिवशी तो घरं बघून आला. एका माणसाने मोटारीच्या गॅरेजला खिडकी पाडून ‘घर’ केलं होतं आणि भाडं सांगितलं वेगासच्या अख्ख्या बंगल्याच्या हप्त्याएवढं. दुकानात दुधाची किंमत वाचून त्याने बाटली परत ठेवली. विजेच्या बिलाबद्दल विचारलं तर घरमालक नुसताच हसला.

“पगार इथल्यापेक्षा कमी, खर्च दुप्पट,” वेगासहून फोनवर त्याची बायको रोझलिन म्हणाली. “ते जाऊ दे. आपण झोपायचं कुठे, एवढं सांग मला.”

“आईचं घर आहे की.”

“त्यात तुझा भाऊ राहतो, नाइनोआ.”

तेच तर त्याला खुपत होतं.

मुलाखतीला गेला तर बाहेरच्या बाकावर लेहुआ बसलेली. इकाइकाची बायको.

“तू इथे? आईला बरं नाही का?”

“आई ठणठणीत आहेत, भाऊजी. मीही मुलाखतीलाच आलेय. तुम्ही ज्या नोकरीसाठी आलात, त्याच.”

“तू हे शिकलीस कधी?”

“बाबा गेल्यावर. इथल्याच कॉलेजात.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि आईंना तर तुम्ही यायला हवे होतात.”

त्याला आत बोलावलं. तोकुनागाबाई म्हणून उतारवयाच्या अधिकारी होत्या. कामाचे प्रश्न त्याने चुटकीसरशी सोडवले. मग बाई म्हणाल्या, “मागचे दोघं भाड्याला कंटाळून पळाले. तुमची राहायची सोय?”

“घरचं घर आहे.”

“बाहेर बसल्यात त्या तुमच्या भावजय ना? आडनाव तेच आहे.”

इथे त्याला गप्प बसता आलं असतं. पण पहिल्या रात्रीचं ताट, मुलींची बडबड, सगळं एकदम वर आलं. अगदी मऊ आवाजात तो म्हणाला, “हुशार आहे हो. पण मुली लहान, नवरा मासेमारीला समुद्रावर. अडीअडचणीला बोलावलं तर येऊ शकेल का, देव जाणे.”

परतताना तिघं ट्रकमध्ये दाटीवाटीने बसले होते. लेहुआ म्हणाली, “बाई मुलींबद्दलच विचारत राहिल्या. यंत्राबद्दल एकच प्रश्न. मुली लहान आहेत हे मी अर्जात लिहिलंही नव्हतं.”

इकाइकाने एकदा भावाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

दोन दिवसांनी फोन आला. नोकरी नाइनोआला मिळाली होती. आई अंगणात अळूचे कांदे सोलत बसली होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

“आई, मागची खोली आम्हाला मिळाली तर जमेल.”

“तिथे मुली झोपतात.”

“हे घर माझंही आहे ना?”

“आहेच. दार कधी लावलंय का तुला? पण तुम्ही चौघं आलात की कुणाला तरी बाहेर पडावं लागेल. कुणी, ते तू सांग बाबा. माझ्या तोंडून नाही निघायचं.”

आईने पुढचा कांदा उचलला. “तुझ्या बाबांना डायलिसिससाठी इस्पितळात लेहुआच न्यायची. यंत्र बोंबलायला लागलं की बाबा घाबरायचे. ही उठून बघायची, तिथल्या माणसाला हजार प्रश्न विचारायची. तू पैसे पाठवायचास. ते लागतच होते, मी कमी लेखत नाही.”

बापाचे शेवटचे दिवसही लेहुआच्याच वाट्याला गेले होते. नाइनोआला वाटलं, या घरात आपल्यासाठी काही म्हणजे काही उरलेलं नाही. गॅरेजचं भाडं, दूध, वीज त्याने मनात पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. कसंही मांडलं तरी गाडी मागच्या खोलीपाशीच येऊन अडायची.

शेवटी त्याने तोकुनागाबाईंना फोन लावला. “मला नाही परवडत,” तो म्हणाला. फोन ठेवता ठेवता थांबला. “भावजयीबद्दल मी बोललो होतो. तिची सासू घरातच असते. मुलींचं काही अडत नाही.”

“हे तेव्हाच सांगायचंत,” बाई म्हणाल्या.

तो वेगासला परतला. महिनाभराने इकाइकाचा फोन आला. “दादा, लेहुआला लागली नोकरी!”

“छान झालं,” नाइनोआ म्हणाला आणि दिवसभर घरात चिडचिड करत राहिला.

“एवढं काय झालं?” रोझलिनने विचारलं.

“काही नाही. त्यांच्याकडे आता दोन पगार.”

लेहुआने यंत्राशेजारी उभं राहून काढलेला फोटो पाठवला होता. त्याने तो मोठा करून पाहिला. तिचा चेहरा नाही, यंत्र पाहिलं. हे जुनं होतं, याची झडप हमखास गळायची. बराच वेळ घुटमळून त्याने लिहिलं, ‘त्याची झडप गळते. एक जादा मागवून ठेव.’

लगेच उत्तर आलं. ‘कालच बदलली, भाऊजी. पण बाकीची जुनी यंत्रं तुम्हाला जास्त माहीत. विचारू ना?’

काल बदललीसुद्धा! फोन पालथा घालून तो अंगणात जाऊन उभा राहिला. वाळवंटातलं ऊन रणरणत होतं. मग आत आला आणि लिहिलं, ‘विचार.’