रुमालावरची हळद

आईचे रुमाल धुवायला केदारनं आपणहून घेतले. अ‍ॅशबर्नहून तो बहिणीकडे पोचला तेव्हा आईचे अंत्यसंस्कार उरकून गेले होते, आणि हाताला काम नसलं की तो खिडकीबाहेरचा बर्फ बघत बसायचा. बाळाला निजवून प्रीता स्वयंपाकघरात आली, तर तो सिंकपाशी खिळल्यासारखा उभा.

"ताई, हे रक्त आहे."

साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या रुमालावरचा पिवळट डाग लाल झाला होता. आई गेल्यापासून प्रीताला पहिल्यांदाच हसू आलं.

"हळद आहे ती, शहाण्या. शाळेत लक्ष कुठे होतं तुझं? साबण म्हणजे आम्लारी. त्यात हळद लाल होते, लिंबू पिळलं की परत पिवळी."

ॲन आर्बरच्या शाळेत ती मुलांना हेच शिकवायची. आई तिच्या बाळंतपणासाठी आली, त्याच आठवड्यात आमटी सांडलेल्या टॉवेलवर तिनं आईलाही हे करून दाखवलं होतं. पुढे एकदा सिंकमध्ये लालसर पाणी बघून प्रीता दचकली, तेव्हा आईच म्हणाली, "अगं, तुझीच हळद." बाईंना आपल्या विद्यार्थिनीचं कौतुक वाटलं होतं.

आई कोसळली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसाचं दुखणं जुनं दिसतंय, खोकल्यातून रक्त पडायचं का? नाही, असं प्रीतानं ठामपणे सांगितलं. पुण्याहून बाबा रोज फोनवर एवढंच विचारायचे, तिला फार सोसावं नाही ना लागलं? आणि प्रीता रोज सांगायची, नाही बाबा, तिला काही कळलंसुद्धा नाही.

तिनं लिंबाची फोड घेतली आणि डागावर पिळली. कड पिवळीधमक झाली. "खरंच की यार," केदार म्हणाला.

मधला भाग मात्र बदलला नाही.

तिनं दुसरी फोड पिळली, अंगठ्यानं चोळलं. कड आणखी उजळली. मध्ये रुपयाएवढा तपकिरी डाग तसाच राहिला. तिनं दुसरा रुमाल घेतला. त्यावरही तेच. मग तिसरा.

हळद सांडलेली नव्हती. डागावर आईनंच ती वरून चोळली होती.

बघता बघता केदारलाही उमगलं असावं, कारण त्यानं नळ बंद केला. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजू लागला. बाबांचा होता.

"काय सांगणार आहेस?" त्यानं हळूच विचारलं.

प्रीतानं रुमाल पुन्हा साबणाच्या पाण्यात सोडला. पिवळी कड हळूहळू लाल झाली, आणि मधला डाग तिच्यात मिसळून दिसेनासा झाला. मग तिनं हात पुसले आणि फोन उचलला.