मार्था प्लम्बचं पान

सुनेच्या चाळिसाव्या वाढदिवसाला विनयने लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरी तीस-चाळीस माणसं बोलावली आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तिका ठेवली. सारा मूळची अमेरिकन. तिचा मूळपुरुष जोसेफ प्लम्ब इंग्लंडातल्या बर्कशरमधलं खेडं सोडून ओहायोत शेती करायला गेला, त्याच्या घराण्याचा हा कुलवृत्तांत. आत ठळक अक्षरांत छापलं होतं : संशोधन, शशी दातार.

त्यासाठी शशीकाका तीन वर्षं रीडिंग गावच्या रेकॉर्ड ऑफिसात, जुन्या नोंदींच्या दप्तरात, खेपा घालत होते. “तुझ्याशिवाय हे कुणाला जमणार?” असं विनय म्हणाला होता. चाळीस वर्षांपासूनच्या मित्राच्या तेवढ्या शब्दांवर ते विरघळले होते.

त्यांनी नववं पान उघडलं. तिथे जुनंच वाक्य होतं. ‘पत्नी मार्था. अमेरिकेत एलिझा या नावाने ओळखली जाई.’

ही चूक त्यांचीच, पहिल्या वर्षीची. बर्कशरच्या लग्नाच्या नोंदीत मार्था, ओहायोच्या जनगणनेत एलिझा. त्यांच्या आईचं, बायकोचं, दोन्ही वहिन्यांचं नाव लग्नात बदललं होतं. या बाईचंही बदललं असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. मग मार्चमध्ये दफनाची नोंद सापडली. ओहायोत एलिझाचा संसार चालू असताना मार्था इथे इंग्लंडात वर्कहाउसमध्ये, निराधारांच्या आश्रयगृहात, वारली होती. पदरी नऊ वर्षांची मुलगी, रूथ. जोसेफ दोघींना टाकून गेला होता. शशीकाकांनी ओशाळून विनयला सगळं सांगितलं आणि नवं पान लिहून दिलं. नाव बदलल्याच्या त्यांच्या तर्कावर विनय पोट धरून हसला. “टाकतो बदलून,” म्हणाला.

सारा पुस्तिका घेऊन जवळ आली. “शशीकाका, माझ्या मावशीने एलिझाच्या थडग्याचा फोटो पाठवलाय. त्यावर जन्म पेनसिल्व्हेनियाचा आहे. मग ती बर्कशरची मार्था कशी?”

त्यांनी तोंड उघडायच्या आत विनयचा हात त्यांच्या खांद्यावर पडला. “अगं, आमच्याकडे लग्नात बायकांची नावं बदलतात. शशीला वाटलं, इकडेही तसंच. जाऊ दे, वय झालंय त्याचं.”

आजूबाजूचे हसले. शशीकाकाही सवयीने हसले. मग विनयच्या मागोमाग किचनमध्ये गेले.

“मी तुला नवं पान दिलं होतं.”

“दिलं होतंस. पण वाढदिवसाला काय सांगू तिला? तुझा मूळपुरुष बायको-पोरीला टाकून पळाला म्हणून? आणि शशी, तुला दर आठवड्याला वाटतं आपलं चुकलं. म्हटलं, याची स्वतःचीच खात्री नाही.”

“मग माझं नाव कशाला घातलंस?”

“मान म्हणून, अरे.”

“आत्ता बाहेर दिलास तो?”

विनय समोशांचा ट्रे उचलायला वळला.

शशीकाका बाहेर आले. आपलं चुकत तर नसेल? पण ती नोंद त्यांनी चार वेळा पडताळली होती. सारा खिडकीजवळ एकटी पान उलटत होती. तिच्या शेजारी बसून त्यांनी हळू आवाजात मार्थाचं सांगितलं. वर्कहाउसचं सांगितलं. रूथचं नाव सांगितलं.

साराने पुस्तिका मिटली. “बाबांना हे माहीत होतं?”

किचनच्या दारात विनय उभा होता. शशीकाकांकडे बघत तो नकारार्थी मान हलवत होता.

“हो,” शशीकाका म्हणाले. “मार्चपासून.”