बर्फ वितळला तो मंगळवार

बहिणीचं लग्न उरकून मोरोलाके इबादानच्या विद्यापीठात परतली, तेव्हा विभागाच्या फलकावर शुक्रवारच्या व्याख्यानाची सूचना लागली होती. विषय तिचाच होता: ॲमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचं औषध आणि यकृतातल्या, प्राणवायू वापरून पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया. नाव मात्र एकट्या डॉ. फासोरान्तींचं, तिच्या गाईडचं. दोन वर्षं उंदरांची यकृतं तिने वाटली होती, सरांनी नळीला हातही लावला नव्हता.

खाली ठळक आकडा होता: औषधाने प्राणवायूचा वापर नव्वद टक्क्यांनी घटतो.

नव्वद? तिच्या बारा प्रयोगांपैकी अकरांत घट चाळीसच्या आसपास होती. नव्वद आली ती फक्त एका मंगळवारी. त्या दिवशी आधी औषधाविना मोजणी झाली आणि वीज गेली. बर्फाचं यंत्र बंद पडलं. औषधाच्या नळ्यांची पाळी येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि मायटोकॉन्ड्रिया उबेने मेल्या होत्या. शंका आली म्हणून तिने शेवटी पुन्हा औषधाविना मोजलं, तर तिथेही घट नव्वदच. पण ती मोजणी वहीच्या मागच्या पानावर होती. सरांनी पान उलटलंच नव्हतं.

"सांगून टाक त्यांना," प्रयोगशाळा सांभाळणारा सिकिरू चवळीचा वडा, अकारा, चावत म्हणाला. "नाहीतर म्हातारा तोंडावर आपटेल."

"मग आपटू दे की. उचलायला तू जा."

"अगं, तुझे गाईड आहेत ते! पीएचडी अडकवतील."

"नावच नाही, तर पीएचडी कशाची रे, सिकिरूभाऊ?"

शुक्रवारी सभागृह भरलं. सर रंगात आले होते. प्रश्नांची वेळ येताच मोरोलाके उभी राहिली.

"सर, शेवटी पुन्हा औषधाविना मोजलं होतं का?"

"त्याची गरज नव्हती, पोरी. बस खाली."

"मोजलं होतं, सर. तिथेही घट नव्वदच आहे. औषधाचा थेंबही नसताना." तिने वही विभागप्रमुख ओयेबोलाबाईंपुढे उघडून ठेवली.

बाईंनी चष्मा नाकावर चढवला, पान वाचलं, मागचं वाचलं. "फासोरान्ती, अहो, हे तर मेलेल्या मायटोकॉन्ड्रियांचे आकडे आहेत!"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"चूक माझी नाही!" सर ओरडले. "प्रयोग हिने केला. सगळे प्रयोग हिनेच केलेत, मी नुसता विश्वास ठेवला!"

याच वाक्यासाठी तिने तीन दिवस तोंड शिवून ठेवलं होतं.

"हो, सर. हा मीच केला. उरलेले अकराही मीच केले. ते बरोबर आहेत."

ओयेबोलाबाईंनी पडद्यावरच्या एकुलत्या एका नावाकडे पाहिलं, मग सरांकडे. "सगळे हिने केले, मग हिचं नाव कुठाय?"

सर पाण्याचा पेला शोधू लागले. मोरोलाके खाली बसली नाही. उत्तर तिला उभ्यानेच ऐकायचं होतं.