पंप ऑपरेटर, ओपन सोर्स

श्रुतिकाला शेवटी पगार सुरू झाला. बरं, हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. गोष्ट सुरू होते तेव्हा तिलाही काही माहीत नव्हतं.

बिलांवर मराठी तारखा बरोबर छापणारं एक सॉफ्टवेअर ती आणि सर्वेश चार वर्षं सांभाळत होते. कोड सगळ्यांना खुला, वापर फुकट, दोघांची मेहनतही फुकट. महिनाअखेरपर्यंत काही मिळालं नाही तर तिला कोड सोडून घाटकोपरच्या क्लासमध्ये शिकवायला जावं लागणार होतं. तिला तो सोडायचा मात्र नव्हता.

तेवढ्यात ते वापरणारी एक कंपनी दोन लाख द्यायला तयार झाली. पण पैसे नोंदणीकृत संस्थेच्याच खात्यात जाणार होते.

"आपली सोसायटी आहे ना नोंदणीकृत!" सर्वेशचे वडील नाना म्हणाले. नाहूरच्या त्यांच्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. "सत्त्याऐंशी सालची. एवढी जुनी संस्था कुठे मिळणार तुम्हाला?"

पैसे आले. बाहेर काढायला सभा लागली.

"हे फुकट आहे ना गं?" सभेत कमिटीच्या रत्नप्रभाकाकूंनी श्रुतिकाला विचारलं.

"हो."

"मग पैसे कसले?"



"माझी ना नाही," नाना म्हणाले, "पण बजेटात सॉफ्टवेअर कुठेय? वॉचमन आहे, सफाई आहे, पंप ऑपरेटर आहे. दशरथ गावी गेल्यापासून पंपाची जागा रिकामीच आहे. तिथे श्रुतिकाचं नाव लावू, पगार म्हणून पैसे निघतील."

"कागदावरच ना?" सर्वेशने विचारलं.

"कागदावरच रे. ऑडिटर बघतो म्हणून फक्त सकाळ-संध्याकाळ रजिस्टरवर सही."

सहीला आलीच आहेस तर बटणही दाब, असं दुसऱ्या दिवशी ठरलं. तिसऱ्या दिवशी बी विंगचं पाणी गेलं, आणि तिचा नंबर सगळ्यांकडे होता.

महिन्याने पगार झाला. तिने पाकीट घेतलं, मोजलं नाही. कोडबद्दलच्या एकशे बारा तक्रारी साचल्या होत्या. सोसायटीच्याच मेंटेनन्स बिलावर शेवटची तारीख एकतीस फेब्रुवारी छापून आली. नानांनी ती मान्य केली.

"कोडला वेळच मिळत नाही, नाना."

"मग अर्ज दे ना. कमिटीपुढे ठेवतो."

तिने पंपाच्या खोलीत बसून लिहिला:

"मा. सेक्रेटरी यांस,

विषय: पंप ऑपरेटरला दुपारी दोन ते चार या वेळेत, विनावेतन, सॉफ्टवेअर दुरुस्त करू देणेबाबत.

महोदय, सदर काम मी यापूर्वी चार वर्षे फुकट केले असून मला त्याचा पुरेसा अनुभव आहे. तरी उपरोक्त परवानगी मिळावी व त्या दोन तासांत पाणी गेल्यास कोणत्याही सभासदाने फोन करू नये, ही नम्र विनंती."