खांदा पाडून उमटवलेला ठसा

मित्रांनो, मी एक जुनी काळी फळी आहे. शाळेतल्या फळ्याशी माझी गल्लत करू नका हं. माझ्यावर कोणी गणितं सोडवत नाही. माझ्यावर उड्या उमटतात.

एका सुताराने मोडक्या कपाटाच्या दारातून मला घडवलं. रंधा मारला, काळा रंग दिला, बोटबोट अंतरावर पांढऱ्या रेघा ओढल्या आणि व्यायामशाळेच्या भिंतीवर उभं ठोकलं. खेळाडूंची ताकद वाढवणाऱ्या तिथल्या प्रशिक्षक बाईंना सगळे ताई म्हणत. रोज सरावाआधी त्या एकेकाला माझ्यासमोर उभं करत. बोटांना खडूची पूड लावायची, हात ताणून एक ठसा उमटवायचा, मग जागेवरूनच उडी मारून वर दुसरा. दोन ठशांमधलं अंतर म्हणजे उडी. ती वाढली की ताई उचलायचं वजन वाढवत. सारखी घटू लागली, की म्हणत, "शरीर थकलंय. आता विश्रांती." नवे खेळाडू नाक मुरडत, पण जुने मला फार मानत. खोटं कशाला सांगू, मी त्या मानाने फुगून जायचे.

त्यांच्यात उंच उडी मारणारी एक मुलगी होती. लांब पायांमुळे तिला सगळे टोळ म्हणत. तिचे वडील शिंपी. दुकान बंद करून ते संध्याकाळी तिला न्यायला येत. माणूस प्रेमळ, पण मुलीच्या संघातल्या निवडीची घाई तिच्यापेक्षा त्यांनाच जास्त.

निवड चाचणी तोंडावर आली आणि टोळची उडी घटू लागली. आता ताई विश्रांती सांगणार, तोच ती एकाएकी सुधारली. सगळे खूश झाले. खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं. पहिला ठसा उमटवताना ती खांदा हळूच पाडायची. खालचा ठसा आणखी खाली गेला, की अंतर आपोआप वाढायचं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण नुसती भिंतीला चिकटून राहिले.

एके संध्याकाळी वडील ताईंना म्हणाले, "उडी वाढलीय म्हणे. आता वजनही वाढवा की."

ताई माझ्याकडेच बघत होत्या. "काका, तुम्ही कपडे शिवता. वाढत्या वयात मुलीचा हात आखूड होतो का कधी?"

"काहीतरीच काय!"

"मग हिचा खालचा ठसा गेल्या महिन्यापेक्षा खाली कसा?"

त्यांनी टोळला माझ्यासमोर उभं केलं आणि तिचा खांदा धरून अलगद वर उचलला. बोटं सरसर रेघा ओलांडून वर गेली. टोळला रडू फुटलं.

"नडगी दुखतेय. बरेच दिवस झाले."

"मग मला सांगायचं नाही?" वडील म्हणाले.

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही म्हणालात, चाचणी तोंडावर आलीय आणि तुला आत्ताच दुखणी सुचतायत."

वडील तिच्यापाशी आले. मग तिथेच जमिनीवर बसून ते तिच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

हाडाला बारीक चीर गेली होती. आणखी थोडे दिवस तशीच उडत राहिली असती, तर हाड मोडलंच असतं, असं डॉक्टर म्हणाले. चाचणी हुकली. मला फार वाईट वाटलं.

पुढे व्यायामशाळेत उडी मोजणारी विजेवरची चटई आली. माझा रंग उडाला आणि माझ्यावर ओले टॉवेल वाळू लागले. पण टोळ बरी होऊन परतली तेव्हा तिने टॉवेल बाजूला काढले, मला पुसलं आणि पहिली उडी माझ्यावरच मारली. खूपच कमी आली.

वडील दारात उभे होते. "दुखलं का?"

"नाही."

"मग झालं तर."

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल, टॉवेलही खुशाल वाळत घाला. फक्त दुखत असेल ते मोजणाऱ्यापासून लपवू नका. आणि उद्या मोठे होऊन कुणाला असं न्यायला गेलात, तर उडी किती झाली, हे नंतर विचारा.