नाव घातलेला डबा

स्वरूपाच्या फोनला अधूनमधून वाटायचं, आपण कोरियात आहोत. जपानच्या त्सुशिमा बेटाच्या उत्तर टोकावरच्या भाड्याच्या घरात ती ओवीचे मोजे वाळत घालत असायची आणि खिशातल्या खिशात फोन थरथरून कोरियन भाषेत तिचं स्वागत करायचा. समुद्रापलीकडच्या बुसानचं नेटवर्क इथवर पोचायचं. गावात कुणालाच त्याचं नवल नव्हतं. हवा स्वच्छ असली की पलीकडच्या इमारतीही दिसायच्या. "झाली का आजची परदेशवारी?" असं तिचा नवरा सारंग रोज विचारायचा, आणि रोज स्वतःच हसायचा.

सारंग समुद्रातल्या कचऱ्याचा अभ्यास करणाऱ्या एका गटात होता. त्याच्यामागून स्वरूपा आधी ओसाकाला आणि मग इथं आली होती. मुलगी ओवी पाच वर्षांची. मराठीत विचारलं की जपानीत उत्तर द्यायची. ती पाळणाघरात असायची तेवढ्या वेळात स्वरूपानं बेटावरच्या शेजार मंडळात अर्धवेळ काम धरलं होतं.

शेजार मंडळ म्हणजे खरं तर एकटे आबिरू-सान. एक खोली, एक टेबल, चहाची किटली आणि ते. दरवर्षी पानं लाल व्हायच्या सुमारास बुसानच्या एका शाळेतली मुलं बोटीनं इकडे यायची, इथल्या मुलांबरोबर समुद्रकिनारा साफ करायची, एकत्र जेवायची आणि संध्याकाळच्या बोटीनं परत जायची. मग कोरोना आला. मग दोन्हीकडच्या राजधान्यांमध्ये काहीतरी बिनसलं. येणं थांबलं ते थांबलंच. "राजधान्या लांब आहेत," आबिरू-सान म्हणायचे. "त्यांना भांडण परवडतं."

आपल्या मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये फोनवर फोन करून त्यांनी यंदा तिकडच्या शाळेला कसंबसं तयार केलं होतं. शाळेनं मात्र स्पष्ट कळवलं होतं, की एकदा येऊन बघतो, पुढचं नंतर ठरवू. मार्चमध्ये आबिरू-सान निवृत्त होणार होते. आत्ता जमलं नाही तर त्यांच्यामागे हे पुन्हा कुणी हातात घेणार नव्हतं. ते तसं बोलले नाहीत. पण त्या आठवड्यात ते रोज टाय घालून आले, आणि टायची त्यांना सवय नसल्यामुळे दिवसभर मान अवघडल्यासारखे बसले.

कचरा वेगळा करायची व्यवस्था स्वरूपाकडे होती. तिनं ती मागूनच घेतली होती. ओसाकाच्या इमारतीत एकदा खालच्या फळ्यावर सूचना लागली होती, की परदेशी रहिवाशांनी कचरा नीट वेगळा करावा. ती चुकीची पिशवी तिची नव्हतीच. पण त्या इमारतीत परदेशी म्हणजे हे तिघंच होते. तेव्हापासून ती दुधाचं खोकंसुद्धा धुऊन, कापून, वाळवून टाकायची. कचऱ्याच्या बाबतीत आपल्याला आता कुणी नाव ठेवणार नाही, अशी तिची खात्री होती.

कुठल्या देशाचा कचरा किती, ते कळलं तर आमच्या गटाला बरं, असं सारंग जाता जाता म्हणाला होता. तेवढं धरून स्वरूपानं मोठ्या पुठ्ठ्यांवर पाट्या केल्या: जपानचा कचरा, कोरियाचा कचरा, चीनचा कचरा आणि ओळख न पटलेला कचरा. फोनला विचारून कोरियन अक्षरंही घातली. ओवीनं प्रत्येक देशाच्या पाटीवर झेंडा रंगवला आणि जीभ बाहेर काढून, रेषेबाहेर न जाता, पूर्ण केला. मायलेकींनी पाट्या जमिनीवर मांडून बघितल्या. फारच छान दिसत होत्या.

शनिवारी सकाळी बोट आली. मुलांबरोबर मुन बाई होत्या. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, इंग्रजी शिकवणाऱ्या. उतरल्या उतरल्या त्यांनी आबिरू-सानच्या हातात घरच्या किमचीचा, कोबीच्या तिखट लोणच्याचा, प्लास्टिकचा डबा ठेवला. आबिरू-सान वाकले, मुन बाई वाकल्या, मुलं एकमेकांकडे बघून खिदळली. इथपर्यंत सगळं झकास होतं.

किनाऱ्यावर बाटल्या, दोर, जाळ्यांचे गोळे, मासळीचे निळे क्रेट नेहमीसारखे येऊन पडले होते. मुलं हातमोजे घालून कामाला लागली. समुद्राचे प्रवाहच असे, की तिकडून सुटलेलं बरंचसं इथं लागतं. बघता बघता कोरियाच्या पाटीखाली ढीग झाला. इथली काही मुलं दुरूनच ओरडून सांगायला लागली, हेही कोरियाचं, हेही. त्यात दुष्टपणा नव्हता. खेळच चालला होता त्यांचा. पण पलीकडून आलेली मुलं हळूहळू गप्प झाली.

पिवळ्या टोपीतली एक मुलगी पाठमोरी बसली होती. तिला पाणी द्यायला स्वरूपा जवळ गेली, तर ती मुलगी एका बाटलीवरचा कोरियन कागद नखानं खरवडत होती. कागद निघाला. तिनं तो मुठीत चुरगळला आणि बाटली नेऊन 'ओळख न पटलेल्या'त टाकली.

ओसाकातला तो फळा स्वरूपाला जसाच्या तसा दिसला. तिनंही तोच फळा लावला होता, वर झेंडे रंगवून.

एवढ्यात मुन बाई आबिरू-सानपाशी गेल्या. मुलं दमली आहेत, जेवण झालं की दुपारच्याच बोटीनं निघावं म्हणते, असं त्यांनी हसतमुखानं सांगितलं. आबिरू-साननी मान डोलावली, बरोबर आहे म्हणाले, आणि मग समुद्राकडे बघत टायची गाठ उगाचच वर सरकवली.

स्वरूपानं पाट्या उपटायला सुरुवात केली. आपले झेंडे जाताना बघून ओवीनं भोकाड पसरलं. तिला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात पाट्या धरून, स्वरूपा मुन बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, की हे मी लिहिलं, मंडळानं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही. मुन बाई सौम्यपणे म्हणाल्या, काही हरकत नाही. त्या 'काही हरकत नाही'मागे दार लावल्याचा आवाज होता.

जेवणं झाली. किमची संपली. तो डबा धुऊन परत द्यायला हवा, असं आबिरू-सान पुटपुटले. स्वरूपानं नळावर डबा धुतला, पुसला आणि तो मोकळा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिचा पाय निघेना. मग तिनं आपल्या पिशवीतून स्टीलचा डबा काढला, दिवाळीच्या शंकरपाळ्यांचा, आणि त्यातल्या ओंजळभर प्लास्टिकच्या डब्यात ओतल्या.

"हे कशाला?" आबिरू-साननी विचारलं.

"शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं आमच्याकडे," ती म्हणाली. "साखर तरी घालतात चिमूटभर."

आबिरू-सान तिच्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "माझी आई काडेपेटी ठेवायची. घरात काहीच नसलं तर काडेपेटी."

दोघं मिळूनच मुन बाईंकडे गेले. डबा हातात घेताच त्यातलं खुळखुळणं मुन बाईंना जाणवलं. त्यांनी झाकण उघडलं, एक शंकरपाळी तोंडात टाकली आणि चावता चावता त्यांचा चेहरा सैल झाला. माझी आई दोन बटाटे ठेवायची, म्हणाल्या. शेजारीण येताना दिसली की आधी बटाटे शोधत सुटायची. आबिरू-साननी काडेपेटीची गोष्ट पुन्हा सांगितली, या खेपेला कोरियनमध्ये, आणि काडेपेटीचा शब्द न सुचल्यामुळे हवेत काडी ओढून दाखवली. मुन बाई हसल्या. हसता हसता त्यांची नजर त्या ढिगाकडे गेली. बुसानच्या मासळीबाजारातले निळे क्रेट वरच होते.

"बघा ना," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "आमची एवढी भांडी तुमच्याकडे आली, आणि सगळी रिकामी."

स्वरूपानं जपानीत सांगितलं. हा विनोदच आहे ना, तिला नक्की कळेना. आबिरू-साननी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं.

"आमची थेट अमेरिकेच्या किनाऱ्याला जातात. त्या शेजाऱ्यांची आम्ही अजून माफीही मागितलेली नाही."

यावर मुन बाई कंबरेवर हात ठेवून खो खो हसल्या. बाई हसतायत म्हटल्यावर मुलंही जवळ आली. शंकरपाळ्या वाटल्या गेल्या. पिवळ्या टोपीवालीनं दोनदा हात पुढे केला. नंतर कचरा पाट्यांशिवाय वेगळा झाला: बाटल्या बाटल्यांत, दोर दोरांत. कागदावरची अक्षरं वाचायला इथल्या मुलांना पिवळ्या टोपीवालीच लागायला लागली. हा शेवयांचा कप, हे केळ्याचं दूध, हे मी रोज पिते, असं ती सांगायची आणि स्वरूपा इंग्रजीतून जपानीत करायची. सारंगच्या गटाला हवा होता तो हिशेब बुडाला तो बुडालाच. दुपारची बोट गेली तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

संध्याकाळी धक्क्यावर निरोपाची गर्दी झाली. मुलं चांगली हसत-बोलत होती, पण पुढच्या वर्षाचं कुणी काढत नव्हतं. आबिरू-सान विचारणार नव्हते. विचारणं म्हणजे भीड घालणं. ते नुसते उभे होते. स्वरूपानं पिशवीतला, आता मोकळा झालेला स्टीलचा डबा चाचपला. मग ती त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. ते गाडीकडे गेले आणि बायकोनं वाळवलेल्या शिताके अळंब्यांची पिशवी घेऊन आले. डबा गच्च भरला. स्वरूपानं तो मुन बाईंच्या हातात दिला.

मुन बाईंनी झाकणाखालच्या कोरीव अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे काय लिहिलंय?"

"वृंदा. माझ्या आईचं नाव. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालून घेतात. शेजारी गेलं तरी कुणाकडे परत द्यायचं ते कळावं म्हणून."

"म्हणजे हा परत करावा लागणार."

"घाई नाही."

"पोस्टानं पाठवला तर?"

"पोचत नाही पोस्टानं," स्वरूपा म्हणाली. "हातानंच आणून द्यावा लागतो."

मुन बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्यामागे टाय आवळून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. डबा त्यांनी सामानात टाकला नाही, काखेत धरला. "आणि रिकामा नाही आणायचा," त्या म्हणाल्या, आणि बोटीवर चढल्या.

बोट बंदराच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत आबिरू-सान वाकलेलेच होते. ओवीनं त्यांची बाही ओढली. आजीचा डबा कधी परत येणार, असं तिनं जपानीत विचारलं, त्यामुळे उत्तर स्वरूपाला द्यावं लागलं नाही.

"पानं लाल झाली की," आबिरू-सान म्हणाले, आणि त्यांनी टायची गाठ सोडली.